पाठमोरी

“डावा अजून थोडा बरा आहे. नोंद घ्यावी,” म्हातारा खुर्चीत टेकता टेकता मोठ्यांदा म्हणाला, आणि कानात बघायची बॅटरी घेऊन त्याच्यावर वाकलेली ती तशीच वाकलेली राहिली. समोर कान होता. म्हातारा, स्वच्छ, पाळीवर दोनचार पांढरे केस उगवलेला, कुणाच्याही आजोबांचा असावा असा कान. त्यात वाईट काही नव्हतं. पण ‘नोंद घ्यावी’ हे शब्द माणसं बोलत नाहीत. ती अर्जात लिहितात, फलकावर रंगवतात. तोंडाने म्हणणारा माणूस तिने जन्मात एकच ऐकला होता, तोही कर्ण्यातून, आणि ‘घ्यावी’तला ‘घ्या’ असा लांबवून म्हणणारा, जसा काही हा देतोच आहे. बॅटरी कानापाशीच राहिली. एवढ्या वर्षांच्या नोकरीने हाताला ती शिस्त लावली होती. पण मानेपासून कमरेपर्यंत काहीतरी तापत खाली उतरत गेलं. तिने बॅटरी बंद केली, दोन पावलं मागे सरून त्याचा चेहरा नीट पाहिला, आणि चेहरा काही ओळखीचा वाटेना. वाटणार तरी कसा? चेहऱ्यापुढे तेव्हा कर्णा असायचा.

शहरातल्या या दवाखान्यात ती कान तपासायचं काम करायची. कान-नाक-घशाचे डॉक्टर पलीकडच्या खोलीत बसत; ऐकू न येणारी माणसं त्यांच्याकडून हिच्याकडे येत. हिच्या खोलीत आवाज न शिरणारी काचेची एक केबिन होती. पेशंटने आत बसायचं, हिने बाहेर यंत्रापाशी. काचेतून एकमेकांना बघायचं. त्याआधी सगळ्यांना विचारायचे ते ठरलेले प्रश्न असत. कधीपासून कमी येतं, घरात कुणाला होतं का, कामाच्या जागी मोठा आवाज असायचा का. म्हाताऱ्याबरोबर त्याची सून आली होती, हातात त्याचा कोट आणि पाण्याची बाटली घेऊन. ती सासऱ्याच्या वतीने उत्तरं द्यायला लागली, तेव्हा त्याने तिला हाताने गप्प केलं. “कामाच्या जागी? आवाजच आवाज हो! मी पाडकाम खात्यात होतो. जुन्या वस्त्या साफ करायच्या. दिवसभर यंत्राच्या बाजूला उभं राहायचं. ती गिरणीची अख्खी वस्ती मीच साफ केली.” सून म्हणाली, “बाबा, हळू बोला.” तो म्हणाला, “हळूच बोलतोय.” साफ. वाटीला उष्टं लागतं, मग आपण ती साफ करतो. हिने मान खाली घालून ‘मोठ्या आवाजाजवळ काम’ समोर हो अशी खूण केली, त्याला केबिनमध्ये बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. टाळूवरचे विरळ केस तिच्या बोटांना लागले तेव्हा तिला शिसारी आली, आणि शिसारी आल्याचा रागही आला, कारण केस मऊ होते. मग बाहेर येऊन तिने एकेक सूर सोडला. ऐकू आला की हात वर करायचा. बारीक सुरांना तो नुसताच काचेतून बघत बसे. सगळे वरचे सूर गेले होते. आलेख उतरत उतरत थेट कोसळला होता, आणि ही कोसळलेली रेघ तिने डोळे मिटूनही ओळखली असती. ती जिथे वाढली त्या हौदाच्या ओळीतल्या प्रत्येक बाईच्या कानाचा आलेख असाच निघाला असता. फक्त त्या बायकांच्या कानांचा आलेख काढायला कुणी गेलं नाही.

गिरणी होती तेव्हा तिच्याभोवती ओळी होत्या. दगडी ओळ, चिमणीची ओळ, सरळ ओळ, आणि सगळ्यात मागे हौदाची ओळ. पाठीला पाठ लावून उभी असलेली दोन दोन खोल्यांची घरं, दोन घरांत भिंत एकच. गिरणीनेच बांधलेली, म्हणून गिरणीचाच भोंगा झाला की सगळ्या ओळींची दारं एकदम उघडत आणि रस्त्यावर चपलांचा एकच आवाज होई. तिची आई माग चालवायची. माग सुरू असलेल्या खात्यात शेजारणीच्या कानात ओरडलं तरी काही पोचत नाही, तिथे बायका ओठांनी बोलत. तोंड मोठं करून, शब्द ओठांवर नीट कोरून, आवाज न करता. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नवऱ्याच्या भांडणाची सगळी कथा सांगायची आणि दोघी पोट धरून हसायच्या. तेही बिनआवाजाचंच. वर्षं गेली तसे कान गेले, पण कुणाला फार कळलंच नाही, कारण ओठ होते. आईला पाठीमागून हाक मारून उपयोग नसतो, समोर जावं लागतं, हे हिला बोलायला यायच्या आधी कळलं असावं. पलीकडच्या घरातली मावशी, सख्खी नव्हे, भिंतीपलीकडची, ती लाटण्याने भिंतीवर ठोकायची आणि आई अलीकडून भिंतीला तळवा लावून बसायची. दोन ठोके म्हणजे चहा टाकलाय. सारखे ठोके म्हणजे ये लवकर, माझा मुलगा पुन्हा पिऊन आलाय. वडील लवकरच गेले; छातीत कापूस बसून माणसं जायची तसेच खोकत खोकत. मग गिरणी बंद पडली, तरी ओळी होत्याच. भोंगा थांबला म्हणून माणसं राहायची थोडीच थांबतात?

मग फुलीवाला आला. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन त्याची माणसं दारोदार फिरायची आणि तो बोट दाखवील त्या दारावर फुली मारायची. फुली म्हणजे घर राहायला अयोग्य. “अयोग्य म्हणजे काय हो?” असं मावशीने त्याला दारात विचारलं होतं. “ओल आहे,” तो म्हणाला. “ओल आमच्या लहानपणापासून आहे, तिला काढा की, आम्हाला का काढता?” सगळी ओळ हसली, फुलीवालाही हसला, आणि दारावर फुली पडली. मोठा रस्ता येणार म्हणे. रस्त्याच्या त्या टोकाला म्हणे नोकऱ्या. आणि तुम्हाला शहराच्या कडेला उंच इमारतींत नवी घरं, नळाचं पाणी घरात, संडास घरात. घरातल्या संडासाचा मोह कुणाला झाला नाही असं नाही. हिलाही झाला होता. पण चिठ्ठ्या टाकून घरं दिली गेली, आणि ज्यांच्या मधे आयुष्यभर एक भिंत होती त्यांच्या मधे दोन दोन बस आल्या. मावशीला नववा मजला मिळाला. तिथे भिंतीपलीकडे लिफ्ट होती. पहिलीच थंडी तिला झेपली नाही. डॉक्टर म्हणाले छाती. आई म्हणाली, “ठोकायला कुणी नव्हतं.” त्यानंतर आईने मावशीचा विषय काढला नाही. आणि रस्ता? रस्ता आलाच नाही. कुठल्याशा कचेरीत नकाशावरची रेघ दुसरीकडून गेली. तिथे आधी गवत उगवलं, मग तारेचं कुंपण पडलं, आता मालट्रका उभ्या असतात. एखादी गोष्ट मोडून तिच्या जागी दुसरी उभी केली तर माणूस निदान त्या दुसऱ्या गोष्टीचा द्वेष करू शकतो. इथे द्वेष करायला होतं काय? गवत?

फुलीवाला आणि सून निघून गेल्यावर तिने पुढचा पेशंट घेतला, त्याच्या पुढचा घेतला, आणि दिवसभर तिचं डोकं ठणकत राहिलं. हा राग नवा नव्हता. तो तिच्याकडे घरच्या माणसासारखा राहायला होता. कधी बसच्या कंडक्टरवर निघायचा, कधी सोसायटीच्या सेक्रेटरीवर, एकदा तर एका कुंपणाच्या तारेवर. तिच्या नवऱ्याने तो संसारात धरूनच टाकला होता, “आज कोण?” एवढंच तो संध्याकाळी विचारायचा. पण इतकी वर्षं त्या रागाला बसायला नीट जागा नव्हती. खातं, योजना, गिरणी, ओल, चिठ्ठ्या, यांच्यातल्या कशाचीच गचांडी धरता येत नाही. आता एकदम त्याला एक मान मिळाली होती. सुरकुतलेली, दाढी करताना एके ठिकाणी कापलेली. आणि पुढच्या आठवड्यात ती मान ऐकायचं यंत्र बसवून घ्यायला परत येणार होती. जिने इथे बसून अनेकांच्या कानात आवाज परत घातला, ती याच्या कानात घालणार होती. तेही आनंदाने, हसून, “आता कसं वाटतंय आजोबा?” असं विचारत. तिला वाटलं, डॉक्टरांना सांगावं, याला दुसरीकडे पाठवा. मग वाटलं, नाही. तो येऊ दे.

घर पडलं त्या दिवशी ती शाळेत होती. हे वाक्य तिने स्वतःशी इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते बचावाचं वाटायचं. हौदाची ओळ एका टोकाकडून पाडत आणली होती. पाडलेल्या घरांच्या उरलेल्या भिंतींवर दुसऱ्यांचे संसार उघडे पडलेले दिसायचे. वरच्या मजल्याचा निळा रंग, अधांतरी राहिलेला एक कोनाडा, शेगडीच्या धुराचा काळा पट्टा, आरशाच्या जागेचा फिकट चौकोन. मुलं रस्त्यात उभी राहून ओळखायची, ही कुणाची खोली, ती कुणाची. जणू कुणाला आंघोळीच्या वेळी बघतोय अशी लाजही वाटायची. आपलं घर टोकाचं, त्याची पाळी पुढच्या आठवड्यात, असं घरी येऊन सांगून गेले होते. सामान अर्धं बांधलेलं होतं. पण भाड्याचं यंत्र हाताशी होतं आणि दिवस उरला होता, म्हणून फुलीवाल्याने त्याच दिवशी उरकायचं ठरवलं. रस्त्याच्या मधोमध उभा राहून त्याने तीनदा पुकारा केला. रहिवाशांनी बाहेर यावे. नोंद घ्यावी. ओळीत ऐकू येणारं कुणी उरलंच नव्हतं. ऐकू येणारे आधीच निघून गेले होते. आई शेगडीपाशी होती, दाराकडे पाठ करून. जमीन हादरत होती, पण जमीन तर ओळ पडायला लागल्यापासून रोजच हादरत होती. त्यातला आपल्या वाट्याचा हादरा कुठला, हे कसं कळावं? यंत्राच्या पंजाने आईच्या पाठीमागची भिंत ओढली. आईने नंतर एकदाच सांगितलं, आणि तेही मागवाल्या बायकांसारखं, आवाज न करता, ओठांनी, “समोरच्या भिंतीवर माझी सावली पडली गं. शेगडीपाशी कधी ऊन येत नव्हतं. मला वाटलं, ऊन कसं आलं? म्हणून वळले.” तिला काही लागलं नाही. एक वीटही नाही. शाळेतून आलेल्या मुलीला आई उंबऱ्यावर बसलेली दिसली, हातात डाव तसाच, केस चुन्याने पांढरे, आणि तिच्यामागे घर नव्हतं. घराच्या मधून पलीकडचा रस्ता दिसत होता. “मी तीनदा सांगितलं होतं,” फुलीवाला कुणालातरी म्हणत होता. “तीनदा. माझ्याकडे साक्षीदार आहेत.” कर्णा त्याच्या हातात लोंबत होता. पुकारताना जर त्याने तो तोंडासमोरून दूर धरला असता, रस्त्यातून दोन पावलं आत येऊन आईच्या समोर उभा राहिला असता, तर आईने त्याचा शब्द न् शब्द ओठांवरून वाचला असता. खात्याच्या त्या टोकावरून वाचणारी बाई ती! पण तो तोंड झाकून ओरडला. बहिऱ्यांच्या ओळीत तोंड झाकून ओरडला, आणि तीनदा ओरडला म्हणून सुटला.

उंच इमारतीत आई पुढे बरीच वर्षं जगली. ती कुठेही बसली तरी भिंतीला पाठ लावून बसायची. ओट्यावर शेगडी भिंतीकडे तोंड करून होती. आईने तिच्या वर खिळा ठोकून आरसा लावला. पाहुण्या बायका म्हणायच्या, “स्वयंपाक करताना नटता वाटतं?” आई त्यांच्या ओठांकडे बघायची आणि हसायची. आरशात बघत बघत ती भाजी परतायची. तिच्या हातची भाजी त्या घरात रोज थोडी बुडाला लागायची.

रविवारी ती दादाकडे गेली. दादा तिच्याहून मोठा; त्या दिवशी तो गॅरेजमध्ये उमेदवारी करत होता, आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. हात पुसत तो बाहेर आला, तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, “आज कोण?” नवऱ्याचा शब्द यानेही उचललेला. तिने सांगितलं. दादा थोडा वेळ फडक्याने एकच बोट पुसत राहिला. “खात्री आहे?” “आवाज आहे तो. मला आवाज कळतात, दादा, माझा धंदा आहे तो.” मग दादाचा चेहरा उजळला, आणि हेच तिला नको होतं. “त्याला सांग,” तो म्हणाला, “सांग की मी तिची मुलगी. जी तुझ्या यंत्राला पाठ दाखवून उभी राहिली, तिची. हलली नाही म्हणावं!” दादाची ही गोष्ट लग्नाकार्यात, गॅरेजच्या बाकड्यावर, त्याच्या मुलांच्या मित्रांना सांगून सांगून गुळगुळीत झाली होती. अख्खी ओळ पळाली, पण आमच्या आईने बुलडोझरला पाठ दाखवली आणि म्हणाली, पाडा. ऐकणारे टाळ्या द्यायचे. “ती असं काही म्हणाली नाही,” ती म्हणाली. “ती स्वयंपाक करत होती.” “तू शाळेत होतीस.” “आणि तू गॅरेजमध्ये.” “मग? कुणी पाहिलं होतं?” “तेच म्हणतेय ना मी. कुणी पाहिलं नाही, तर तू तिला शूर का करतोस? तिला कळलंच नव्हतं, दादा. ती घाबरली होती. जन्मभर घाबरून राहिली.” दादा एकदम चिडला. “मग काय सांगू लोकांना? माझी आई बहिरी होती आणि तिच्या अंगावर भिंत पाडली, आणि आम्ही काही केलं नाही? हे सांगू?” आतून वहिनीने चहाला हाक मारली. दोघांनी चहा घेतला आणि टायरच्या भावाबद्दल बोलले. घरी येताना तिला दादाचा राग आला, मग त्याची कीव आली, आणि शेवटी दोन्ही मिळून पुन्हा त्या म्हाताऱ्या मानेवर जाऊन बसलं.

तो ठरल्या दिवशी आला, सुनेबरोबर, धुतलेला शर्ट घालून. बाहेर बाकांवर बरीच माणसं होती. तिने त्याच्या दोन्ही कानांत नवी यंत्रं बसवली, सुरू केली. म्हाताऱ्याने डोळे मोठे केले. “पंखा वाजतोय!” तो म्हणाला, आणि सून हसली, तिचे डोळे भरले. “किती वर्षांनी, बाबा!” हा क्षण तिला या कामात सगळ्यात आवडायचा; आज तिने यंत्रांची डबी बंद केली. तिने सुनेला बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला केबिनमध्ये नेलं. आता शब्दांची चाचणी. आतल्या स्पीकरवरून ती एकेक शब्द म्हणणार, त्याने तो ऐकू येईल तसा परत म्हणायचा, की तो बाहेरच्या स्पीकरवर यायचा. काय ऐकू आलं तेच, अर्थ लावायचा नाही. “पान,” ती म्हणाली. “पान.” “वाट.” “वाट.” “खीळ.” “पीळ.” “दार.” “दार.” “घर.” “कर.” “घर,” तिने पुन्हा म्हटलं. “घर,” तो म्हणाला. समोरच्या कागदावर पुढचे शब्द छापलेले होते. मूठ, फळ, रंग. ते न वाचता ती म्हणाली, “हौद.” “हौद.” “दगडी ओळ.” “दगडी ओळ.” आवाजात काही नाही, पोपट बोलतो तसा. “चिमणीची ओळ.” “चिमणीची ओळ.” तिने आवाजाचं बटण जरासं पुढे सरकवलं. “हौदाची ओळ. टोकाचं घर.” तो म्हणाला, “हौदाची ओळ. टोकाचं...” आणि काचेतून तिच्याकडे बघत राहिला. हात कानाशी गेला, तिथे यंत्र होतं, परत मांडीवर आला.

“ते मी पाडलं,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“तुम्ही तिथल्या?”

“टोकाच्या घरातली.” तिचा आवाज तिला हवा होता त्यापेक्षा शांत निघाला. “आत बाई होती. तुम्ही रस्त्यातून ओरडून सांगितलंत आणि भिंत पाडलीत. आत बघायला गेला नाहीत.”

ती काय उत्तर येईल ते जाणून होती. तीनदा पुकारा केला होता, साक्षीदार आहेत, वरून हुकूम होता, वस्तीत रोगराई होती. या सगळ्यांची उत्तरं तिच्याकडे धार लावून तयार होती. वर्षानुवर्षं धार लावलेली. म्हाताऱ्याने मांडीवरचे हात गुडघ्यांवर नेले. मग म्हणाला, “बघितलं होतं.”

“काय?”

“गेलो होतो ना मी. दाराशी. दार उघडंच होतं. बाई शेगडीपाशी होती, पाठमोरी. मी हाक मारली. दोनदा मारली. वळली नाही.” तो आता काचेकडे नाही, स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बोलत होता. “त्या ओळीत सगळ्या बायका तशाच हट्टी. शिव्या द्यायच्या, दारात आडव्या व्हायच्या. मला वाटलं, हीसुद्धा. मुद्दाम पाठ केलीय. म्हटलं, धूळ उडाली की पळेल बाहेर. मी रस्त्यात आलो आणि यंत्रवाल्याला हात केला.”

तिचा हात बटणावरच होता. डोक्यात काही म्हणजे काहीच नव्हतं, आणि मग एकदम सगळं आलं. तो दारात आला होता. उंबऱ्यावर उभा होता. आईपासून हात लांब केला तर पोचेल इतका जवळ. खांद्याला हात लावायचा होता फक्त. तिच्या दारात उभं राहून, तिच्या पाठीकडे बघून त्याने ठरवलं होतं की ही पाठ म्हणजे उर्मटपणा आहे. आणि दादा गॅरेजच्या बाकड्यावर बसून इतकी वर्षं हीच गोष्ट सांगत होता, अभिमानाने, तीच पाठ, तोच हट्ट, फुलीवाल्याच्या मनातली गोष्ट शब्दशः. दोघांनी मिळून आईला हट्टी केलं होतं. एकाने भिंत पाडायला, एकाने टाळ्या मिळवायला. आणि आई मधे उभी, तिला यातलं काही माहीत नाही, ती भाजी परततेय. तिला ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडलीच. जोरात, खोलीचं दार उघडं आहे याची पर्वा न करता. “बहिरी होती ती! तुमच्या हाका तिला ऐकू आल्या नाहीत, बहिरी होती! अख्खी ओळ बहिरी होती, आणि तुम्ही कर्णा घेऊन आलात!” केबिनमधल्या स्पीकरवर तिचा आवाज फुटला, म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी कान झाकले. बाहेरच्या बाकांवरची कुजबुज थांबली. सून दारात आली, तिच्या मागे डॉक्टर. “काय झालं? ताई, काय झालं?” डॉक्टरांनी विचारलं. “चाचणी चालू आहे,” ती म्हणाली. “जरा थांबा बाहेर.” डॉक्टर तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबले, पण गेले नाहीत. सूनही गेली नाही. “बाबा कुणाला हट्टी म्हणाले?” ती डॉक्टरांना हळूच विचारत होती.

तिने आवाजाचं बटण मागे आणलं. नेहमीच्या बोलण्याच्या पातळीवर, जिथे ते यंत्र उत्तम काम करायला हवं तिथे. म्हाताऱ्याने कानांवरचे हात काढेपर्यंत ती थांबली. त्याचे डोळे ओले होते की आवाजाने पाणी आलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता, आणि तिला ते कळून घ्यायचंही नव्हतं. त्याने माफी मागितली असती तर तिने ती घेतली नसती. मागितली नाही तरी तिचा राग आता कणभरही वाढणार नव्हता. तिला त्याच्याकडून एवढंच हवं होतं की ही गोष्ट एकदा, एका माणसाच्या तोंडून, खरी बाहेर पडावी.

“मी म्हणते ते परत म्हणा,” ती म्हणाली. “दार उघडं होतं.”

त्याने काचेकडे बघितलं. मग, “दार उघडं होतं.”

“आत बाई होती.”

“आत बाई होती.”

“मी तिला पाहिलं.”

दारात सुनेने कोट छातीशी घट्ट धरला. म्हातारा काचेतून तिच्याकडेही बघून घेऊन पुन्हा खाली बघू लागला. “मी तिला पाहिलं,” तो म्हणाला.

“ती हट्टी नव्हती.”

इथे तो अडला. ओठ हलले, आवाज निघाला नाही. नुसत्या ओठांचा शब्द तिला काचेतूनही वाचता आला असता. पण या माणसाचे ओठ वाचायची तिची तयारी नव्हती. ती थांबली. पंखा फिरत होता. बाहेर कुणाचं तरी मूल रडायला लागलं आणि त्याला कुणी गप्प केलं नाही.

“ऐकू आलं नाही का?” तिने विचारलं.

“आलं,” म्हातारा म्हणाला. आणि डोकं न उचलता, कर्ण्याचा नसलेल्या, साध्या, चिरक्या आवाजात त्याने ते म्हटलं, “हट्टी नव्हती.” मग तिने काही सांगायच्या आधीच, स्वतःहून, “बहिरी होती.”

तिने मायक्रोफोन बंद केला.